मागच्या सीटचं बकल आधी शोधा

“ताई, आम्ही पुरंदर तालुक्यातले. अंजीर-सीताफळाची बाग आहे. थोरला मुलगा बारावीला, ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतील. धाकटी दहावीला. मागच्या दिवाळीत आमच्या ह्यांनी जुनी स्कॉर्पिओ घेतली. मुलगा मित्रांना आणि बहिणीला घेऊन सासवडला क्लासला जातो, कधी जेजुरीला चक्कर मारतो. पट्टा लाव म्हटलं की म्हणतो, ‘आई, गावात कोण लावतं गं? दिवे घाटात पोलीस दिसले की लावतो की.’ हेही तसेच. गाडी सारखी वाजते म्हणून दोघांनी पट्ट्याच्या खाचेत एक क्लिप बसवून टाकलीय. मुलीला पट्टा लावावासा वाटतो, पण भावाच्या मित्रांपुढं लाजते. गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतला एक पोरगा रात्री उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेला. तेव्हापासून अंगणात गाडीचा आवाज येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. पोरांना कसं समजावू?”
– एक आई

ताई, माझं माहेर वाल्ह्याचं. सासवड, जेजुरी, वाल्हं, नीरा हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. गळीत हंगामात त्या रस्त्यावर संध्याकाळनंतर कसं असतं ते मला माहीत आहे. मागं लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही. तुमची झोप का उडाली ते मला कुणी समजावून सांगायला नको.

पण मुलाला काही सांगायच्या आधी तुम्ही एक काम करा. दिवसाउजेडी, गाडी घरी असताना, मागचं दार उघडा आणि मागच्या सीटवरची बकलं शोधा.

आपल्याकडं गाडी दारात आली की पहिल्यांदा तिला सीटकव्हर चढतं. त्यावर एखादी जुनी चादर नाहीतर टॉवेल, कारण शेतातून आलेली माणसं मातीच्या कपड्यांनी बसणार. या सगळ्याच्या खाली, सीटच्या फटीत, पट्टा अडकवायची बकलं गाडली जातात. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भावाच्या गाडीत मी मागं बसले आणि पट्टा ओढला, तर अडकवायला जागाच सापडेना. घरी पोचल्यावर आम्ही कव्हर उसवलं. शेंगांची टरफलं, एक कंगवा, लग्नातल्या अक्षता आणि त्याखाली तीन बकलं निघाली. चार वर्षं ती गाडी घरात होती आणि चार वर्षांत मागं बसलेल्या एकाही माणसानं पट्टा लावला नव्हता. लावणं शक्यच नव्हतं. तुमच्या मुलीचा विचार करा. पंधरा-सोळा वर्षांची पोर, शेजारी भावाचे दोन दांडगे मित्र, आणि तिनं सगळ्यांना बाजूला सरकवून सीटखाली हात घालायचा? ती नाहीच करणार. आपणही त्या वयात केलं नसतं.

म्हणून बकलं वर काढा. सीटकव्हरवाल्याला सांगितलं तर तो कव्हरला नीट चीर पाडून शिवून देतो, फार खर्चाचं काम नाही. चादर काढून टाका, मळली सीट तर धुता येते. मग एकेक पट्टा पूर्ण बाहेर ओढून बघा: उंदरानं कुरतडलाय का, कड उसवलीय का, सोडल्यावर आपोआप आत जातो का. आणि एकदा जोरात हिसका द्या. हिसक्यानं तो जागच्या जागी आवळला पाहिजे. हळू ओढल्यावर सैल येणं आणि झटक्याला घट्ट धरणं, एवढंच त्याचं काम आहे. अमावास्येला गाडीला नवं लिंबू-मिरची बांधता ना, त्याच दिवशी हा हिसका द्यायचा असं ठरवून टाका, म्हणजे विसरणार नाही. जुन्या गाड्यांत पार मागं आडव्या बाकड्या असतात, समोरासमोर तोंड करून बसायच्या. तिथं बहुतेक पट्टा नसतोच. तुमच्या गाडीत तशा असतील तर तिथं गोणी ठेवा, लेकरं बसवू नका.

त्या क्लिपबद्दल. ती आजच काढून फेका, आणि मुलाच्या देखत फेका. गाडी वाजते ती आठवण करून देण्यासाठी. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक आणि त्याच्या शेजारच्या सीटसाठी ही घंटा सक्तीची झाली. लोकांनी ती बंद पाडायला क्लिपा शोधल्या आणि त्या इतक्या खपल्या की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच मोठ्या कंपन्यांना त्या काढायला लावल्या. तेरा हजारांवर जाहिराती उतरवल्या गेल्या. एवढ्याशा लोखंडाच्या तुकड्यानं आपण गाडीचं तोंड बांधतो, याचा मला मनापासून राग येतो.

आता तुमच्या ह्यांच्याबद्दल लिहिते, कारण खरी गाठ तिथं आहे. मुलगा जे करतो ते त्यानं वडिलांकडं बघून उचललंय. पोलीस दिसला की पट्टा खांद्यावरून ओढून मांडीवर धरायचा आणि चौक ओलांडला की सोडून द्यायचा, हे तो लहानपणापासून बघत आला. त्याच्या लेखी पट्टा म्हणजे पोलिसाची भानगड, आणि गावात पोलीस नाही. तेव्हा मुलाशी बोलण्याआधी ह्यांच्याशी बोला, आणि एकटे असताना बोला. पोरांपुढं बोललात तर कुठलाही बाप माघार घेणार नाही. “तुम्ही का लावत नाही” असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांच्याकडं तयार असतं. “तुमचं बघून तो सगळं करतो. मला रात्री झोप येत नाही. त्याच्यासाठी तुम्ही लावा,” एवढंच सांगा आणि गप्प बसा. मी पाहिलंय, वीस वर्षं स्वतःसाठी पट्टा न लावलेली माणसं लेकरासाठी लावतात.

आणि त्यांना पुण्याच्या मार्केट यार्डाची आठवण करून द्या. अंजिराच्या हंगामात पहाटे तीनला पिकअप भरून गुलटेकडीला निघायचं, शेजारी मुलगा, त्याच्या शेजारी गडी, तिघंही अर्धवट झोपेत, आणि समोर दिवे घाटाची उतरण. त्या वेळी पोलीस नसतो म्हणून कुणीच पट्टा लावत नाही, आणि डुलकी लागते ती नेमकी त्याच वेळी. तिसऱ्याला पट्टा नसेल तर त्यानं पुढं दाटीवाटीनं बसायचं नाही. तो एसटीनं मागून येऊ शकतो.

मुलाशी बोलताना तो काय काय म्हणेल ते मी सांगते, कारण सगळी पोरं तेच म्हणतात.

“जवळच तर जायचंय.” ताशी ५० च्या वेगानं गाडी चिंचेच्या झाडावर किंवा उभ्या ट्रॉलीवर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा तडाखा साधारण तीन मजली घराच्या गच्चीवरून, म्हणजे दहा मीटरवरून पडल्याइतका असतो. मुलगा बारावीला आहे, सायन्सला असेल तर वहीत गणित मांडून बघू दे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, आणि त्याच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीनं भागायचं. त्यानं स्वतः काढलेलं उत्तर तुमच्या दहा वेळच्या सांगण्यापेक्षा त्याच्या डोक्यात पक्कं बसेल. आणि ५० म्हणजे काही फार वेग नाही, क्लासला उशीर झाला की तो सासवडच्या रस्त्याला याहून जोरातच जात असणार.

“एअरबॅग आहे की.” एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठी केलेली असते. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. पट्टा नसलेला माणूस तोवर स्टिअरिंगकडं फेकला गेलेला असतो, आणि फुगणारी पिशवी त्याच्या तोंडावर-छातीवर फुटल्यासारखी बसते. जुन्या गाडीत ती असेलच असंही नाही, तेवढं बघून घ्या.

“गाडी कालव्यात पडली तर अडकून मरेन.” ही भीती मी मोठ्या माणसांकडूनही ऐकते. पाण्यातून बाहेर यायला माणूस शुद्धीवर लागतो, हातपाय धड लागतात. पट्टा नसेल तर पाण्यात पडायच्या आधीच डोकं काचेवर आपटलेलं असतं. पट्टा शुद्ध टिकवतो, आणि तो सोडायला एक लाल बटण दाबावं लागतं. त्याला डोळे मिटून पाच वेळा बटण दाबून दाखवायला सांगा. भीती हाताला सवय झाली की जाते.

“मागं कशाला लागतो?” इथं मात्र मला थांबायचंय, कारण तुमची मुलगी मागं बसते. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत गाडीच्या अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी उघड सांगितलं होतं की पट्टा असता तर ते वाचू शकले असते. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले, तेही मागच्या सीटवर, पट्ट्याविना. त्या गाडीत मागचे दोघं गेले, पुढचे दोघं जबर जखमी होऊन वाचले. मोठी गाडी, महागडी गाडी, काही उपयोगाला आलं नाही.

आणि आमच्या घरातलं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी लग्नाहून येताना माझा चुलतभाऊ मागं मधोमध बसला होता. काका पुढं, पट्टा लावून. गाडी मोरीच्या कठड्याला धडकली. काकांना पट्ट्यानं धरलं. पण मागून सत्तर किलोचा पुतण्या त्यांच्या सीटवर आदळला, आणि काकांच्या मणक्याला जो मार बसला तो त्या धडकेनं. भावाचा जबडा तुटला, तो वर्षभरात बरा झाला. काका नंतर कधी वाकून नांगराला हात लावू शकले नाहीत. तो भाऊ आज पन्नाशीला आलाय आणि अजून काकांच्या नजरेला नजर देत नाही. पट्टा न लावून आपण फक्त आपला जीव पणाला लावतो असं पोरांना वाटतं. पुढं बसलेल्याचाही लावतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुमचा मुलगा चालवत असेल आणि त्याचा मित्र मागं मोकळा बसला असेल, तर धडकेत तो मित्र त्याच्याच पाठीवर येणार.

आकडा एकच देते. देशात २०२२ मध्ये पट्टा न लावलेली १६,७१५ माणसं रस्ते अपघातात गेली असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो, आणि त्यातली जवळजवळ निम्मी, ८,३३१, गाडी चालवत नव्हती. नुसती बसलेली होती. मागच्या सीटवर समोर तोंड करून बसणाऱ्यालाही कायद्यानं पट्टा सक्तीचा आहे आणि दंड एक हजाराचा आहे. पण दंडाचं मुलाला सांगत बसू नका. दंड म्हटलं की त्याचं डोकं परत पोलीस कुठं उभा असतो तिकडंच जाईल.

आता एक कडू गोष्ट. तुमचा मुलगा अजून अठराचा नाही. ऑगस्टपर्यंत त्याच्या हातात किल्ली देऊ नका. घरची गाडी, गावचा रस्ता, हे मला माहीत आहे, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक आणि गाडीचा मालक जबाबदार धरले जातात. पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. कैदेपेक्षा वाईट म्हणजे त्याच्या हातून कुणाचं लेकरू गेलं तर ते त्याच्या जन्माला पुरेल. तोवर सासवडला ह्यांनी सोडावं, नाहीतर एसटी आहे. तो चिडेल. चार-सहा महिने चिडू द्या.

पण हे चार-सहा महिने वाया घालवू नका. आत्ता तो शेजारच्या सीटवर बसणार आहे, तर त्याला तिथं काम द्या. गाडी निघण्याआधी मागं वळून सगळ्यांचे पट्टे बघायचे आणि “झालं, चला” म्हणायचं. त्यानं म्हटल्याशिवाय ह्यांनी किल्ली फिरवायची नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला उपदेश नको असतो, अधिकार हवा असतो. आज जो दुसऱ्यांचे पट्टे बघतोय, तो ऑगस्टनंतर स्वतः चालवायला बसला की मोकळा बसणार नाही. निदान माझ्या दोन्ही भाच्यांच्या बाबतीत हे असंच झालं. धाकटा तर आता मलाच विचारतो, “मावशी, खालचा भाग पोटावर आलाय, खाली घे.” त्याचं बरोबर असतं. खालची पट्टी ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर हवी, आणि वरची गळ्याजवळ नको नि काखेखालूनही नको, खांद्याच्या मधून छातीवर आडवी. काखेखालून घेतली तर बरगड्या मोडतात. एका पट्ट्यात दोघं बसायचं नाही, मांडीवर लेकरू घेऊन दोघांभोवती तर मुळीच नाही. घरात कुणी पोटुशी असेल तर तिनंही लावायचा, खालची पट्टी पोटाच्या खालून.

मुलीला एक वाक्य शिकवा. “दादा, पट्टा लाव” असं तिला म्हणता येणार नाही, मित्र हसतील आणि दादा उखडेल. त्याऐवजी तिनं गाडीत बसल्याबरोबर म्हणायचं, “दादा, थांब हं, माझा पट्टा लागायचाय.” यात ती कुणाला काही सांगत नाही, स्वतःपुरती वेळ मागते. पण गाडी थांबते, सगळ्यांचं लक्ष जातं, आणि बकल वर काढलेलं असलं की शेजारचाही बहुतेक हात घालतो. लाजाळू माणसाला दुसऱ्यावर आवाज चढवता येत नसतो, आपल्यासाठी थांब म्हणणं जमतं.

शेवटचं गावाचं. “गावात कोण लावतं” हे मुलाचं म्हणणं खरं आहे, आणि एकट्या पोरानं गावाविरुद्ध जाणं अवघड आहे. जुलै २०१९ मध्ये पुणे-सोलापूर रस्त्यावर कदमवाकवस्तीजवळ यवतचे नऊ कॉलेजचे तरुण एकाच गाडीच्या अपघातात गेले. तेव्हा महिनाभर आपल्या सगळ्या भागात पोरं सांभाळून गाडी चालवत होती, मग परत पहिल्यासारखं. व्हॉट्सअॅपवर अपघाताचे व्हिडिओ फिरवूनही काही होत नाही, पोरांची नजर त्याला मरून गेलीय. ते पाहून त्यांना वाटतं, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

त्यापेक्षा पोरांना मोजायला लावा. ज्युनिअर कॉलेजच्या एखाद्या सरांना किंवा गणपती मंडळातल्या थोरल्या मुलाला गाठा. चार-पाच पोरांनी संध्याकाळी अर्धा तास गावच्या कमानीखाली, रस्ता सोडून उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चारचाकीत किती जणांना पट्टा आहे ते वहीत मांडायचं. पुढचे वेगळे, मागचे वेगळे. कुणाला अडवायचं नाही, नंबर लिहायचा नाही, बोलायचंही नाही. आकडा मंडळाच्या नाहीतर शाळेच्या फळ्यावर लिहायचा, पंधरा दिवसांनी परत मोजायचा. पहिला आकडा इतका लहान येईल की पोरांनाच तो झोंबेल, आणि तो वाढवायचं वेड त्यांना लागेल. मोजणाऱ्या पोराला स्वतः पट्ट्याविना कमानीखालून जाता येत नाही, मित्र बघत असतात. तुमच्या मुलाला आज ज्या मित्रांची लाज वाटते, तेच मित्र मग उपयोगाला येतात. ही कल्पना तुम्ही मांडलीत हे त्याला कळू देऊ नका, सरांकडून येऊ द्या.

हे सगळं एका आठवड्यात होणार नाही. बकलं मात्र या रविवारी निघू शकतात. मधल्या सीटला कमरेपुरताच पट्टा असेल किंवा तिथलं बकल सापडलंच नाही, तर तोवर मुलीला मधे बसवू नका. तिला खिडकीशी बसवा, आणि ती निघण्याआधी तिकडचा पट्टा स्वतः एकदा हिसका देऊन बघा.